काराबाखचे राज्य संपले, पण तिथल्या माणसांचे हक्क कुठे संपले?

मूळ धागा : तांबडफुटी

दक्षिण कॉकेशसमधले नागोर्नो-काराबाख प्रजासत्ताक, म्हणजेच आर्मेनियन लोकांचे आर्त्साख, ही राजवट १ जानेवारी २०२४ पासून कागदोपत्री विसर्जित झाली. तिला संयुक्त राष्ट्रांच्या एकाही सदस्य देशाने मान्यता दिलेली नव्हती. खुद्द आर्मेनियानेही नाही. तेव्हापासून या विषयावर जे काही मराठीत वाचायला मिळते, त्याचा सूर साधारणपणे 'प्रश्न निकालात निघाला' असा असतो. मला तो सूर मान्य नाही, आणि का मान्य नाही ते सविस्तर मांडण्यासाठी हा धागा काढत आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. सोव्हिएत सत्तेने १९२३ मध्ये काराबाखच्या डोंगराळ भागाला अझरबैजान प्रजासत्ताकाच्या अंतर्गत स्वायत्त प्रांताचा दर्जा दिला. १९८९ च्या जनगणनेत तिथे सुमारे १ लाख ८९ हजार लोक होते आणि त्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक आर्मेनियन होते. २० फेब्रुवारी १९८८ रोजी प्रांताच्या सोव्हिएतने, म्हणजे विधिमंडळाने, आर्मेनियाशी जोडले जाण्याची मागणी ठरावाने केली. आठवडाभरात बाकूजवळच्या सुमगाईत शहरात आर्मेनियन वस्तीवर हल्ले झाले, ज्यांत सरकारी आकड्यांनुसार २६ आर्मेनियन आणि ६ अझरबैजानी मारले गेले. पुढे दोन्ही प्रजासत्ताकांतून दुसऱ्या समाजाची हकालपट्टी झाली, १९९१ नंतर उघड युद्ध झाले आणि मे १९९४ मध्ये शस्त्रसंधी झाली, तेव्हा काराबाख आणि भोवतालचे सात जिल्हे, काही संपूर्ण तर काही अंशतः, आर्मेनियन सैन्याच्या ताब्यात होते. सव्वीस वर्षे हीच स्थिती राहिली. २७ सप्टेंबर २०२० रोजी सुरू झालेल्या ४४ दिवसांच्या युद्धात आणि ते थांबवणाऱ्या करारातून अझरबैजानने ते जिल्हे, शुशा शहर आणि बराच मुलूख परत मिळवला. उरलेल्या भागाच्या सुरक्षेची जबाबदारी १,९६० रशियन शांतिसैनिकांकडे आली आणि आर्मेनियाकडे जाणारा लाचीन मार्ग हा एकमेव रस्ता उरला.

माझ्या दृष्टीने खरा विषय इथून सुरू होतो. १२ डिसेंबर २०२२ रोजी हा रस्ता अडवला गेला. सुरुवातीला स्वतःला पर्यावरणवादी म्हणवणारे आंदोलक रस्त्यावर बसले होते, एप्रिल २०२३ मध्ये हाकारी पुलाजवळ अझरबैजानने अधिकृत तपासनाका उभारला, आणि १५ जूननंतर धान्य व औषधांच्या गाड्याही जवळपास थांबल्या. २२ फेब्रुवारी २०२३ रोजीच हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने अझरबैजानला आदेश दिला होता की, या रस्त्यावरून दोन्ही दिशांना माणसे, वाहने आणि माल यांची वाहतूक विनाअडथळा होईल यासाठी हाती असलेले सर्व उपाय योजावेत. हा आदेश बंधनकारक होता, तरी रस्ता उघडला नाही. १९ सप्टेंबर २०२३ रोजी अझरबैजानचा हल्ला झाला, एका दिवसात काराबाखच्या फौजेने शस्त्रे खाली ठेवली, आणि पुढच्या आठ-दहा दिवसांत एक लाखाहून अधिक माणसे आर्मेनियात निघून गेली. काराबाखची राजधानी स्तेपानाकेर्तहून आर्मेनियातल्या गोरिसपर्यंतच्या जेमतेम शंभर किलोमीटरच्या रस्त्यावर लोकांना दिवस-रात्र गाडीत काढावी लागली. २५ सप्टेंबरला निघण्यासाठी पेट्रोल घ्यायला रांगेत उभे असलेले दोनशेहून अधिक लोक इंधनसाठ्याच्या स्फोटात मेले. १ ऑक्टोबरला संयुक्त राष्ट्रांचे पथक तिथे पोहोचले, तेव्हा मागे उरलेल्या आर्मेनियनांची संख्या ५० ते १,००० च्या दरम्यान असावी असे त्यांना सांगण्यात आले.

माझे म्हणणे असे आहे की, गेली पस्तीस वर्षे या वादात सगळ्यांनी 'ही जमीन कोणाची' हाच प्रश्न आधी सोडवायला घेतला आणि तिथे राहणाऱ्यांच्या हक्कांना त्या उत्तराच्या रांगेत उभे केले. स्वयंनिर्णयाचा हक्क म्हणजे फक्त नवे राष्ट्र असे गृहीत धरले, म्हणून राष्ट्र हरले त्या दिवशी लोकांचे सगळेच हक्क हरले असे मानणे सोपे झाले. आपल्या घरात राहण्याचा, आपल्या शाळेत आपल्या भाषेत शिकण्याचा, भीती न बाळगता परत येण्याचा हक्क सार्वभौमत्व कोणाकडे आहे यावर अवलंबून नसतो. काराबाख अझरबैजानचा आहे असे शंभर टक्के मान्य केले, तरी त्यातून त्या लाखभर माणसांबद्दल अझरबैजानची जबाबदारी वाढते, कमी होत नाही.

वेगळे मत असणाऱ्यांनी जरूर लिहावे.

---

रानवाटा

मांडणी आवडली, पण एका ठिकाणी थांबून विचारावेसे वाटते. स्वयंनिर्णयाचा हक्क हा शब्द भारतीयाने वापरताना दहा वेळा विचार करायला हवा. आपल्या सरकारने १० एप्रिल १९७९ रोजी नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात सहभागी होताना पहिल्या कलमाबाबत स्पष्ट निवेदन जोडले आहे: हा हक्क परकीय सत्तेखाली असलेल्या लोकांनाच लागू आहे, सार्वभौम स्वतंत्र राष्ट्रांना किंवा राष्ट्रातील एखाद्या समूहाला तो लागू नाही. फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्स यांनी त्यावर हरकत घेतली होती, तरी आपण निवेदन मागे घेतले नाही, आणि माझ्या मते ते योग्यच केले. एखाद्या प्रांतात एका भाषेचे किंवा धर्माचे लोक बहुसंख्य आहेत एवढ्यावरून त्यांना फुटून निघण्याचा हक्क मिळत असेल, तर आशिया-आफ्रिकेतली किती राष्ट्रे शिल्लक राहतील? अझरबैजानने आपली आंतरराष्ट्रीय मान्यता असलेली भूमी परत घेतली. पद्धत कठोर होती हे मान्य, परंतु मूळ हक्क कोणाचा होता याबद्दल संदिग्धता ठेवू नये.

---

अ‍ॅड. नागपूरकर

रानवाटा यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे, म्हणून कायद्याच्या अंगाने थोडे लिहितो.

स्वयंनिर्णयाची दोन रूपे मानली जातात. अंतर्गत रूपात लोक आपल्याच राष्ट्रात राहून स्वायत्तता, प्रतिनिधित्व, भाषा आणि संस्कृती यांचे हक्क बजावतात. बाह्य रूपात ते वेगळे होतात. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये क्वेबेकच्या संदर्भात सांगितले की, बाह्य रूपाचा हक्क वसाहतींना आणि परकीय जोखडाखालच्या लोकांना असतो. अंतर्गत मार्ग पूर्णपणे बंद केलेल्या लोकांनाही तो असू शकेल का, हा प्रश्न त्या न्यायालयाने जाणूनबुजून खुला ठेवला. २०१० मध्ये कोसोवोबाबत हेगच्या न्यायालयानेही स्वातंत्र्याची घोषणा करणे आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्ध नव्हते एवढेच म्हटले. वेगळे होण्याचा हक्क आहे की नाही, यावर मत दिले नाही. थोडक्यात, काराबाखला फुटून निघण्याचा निर्विवाद हक्क होता असे म्हणता येणार नाही आणि असा हक्क कुठल्याच परिस्थितीत अस्तित्वात नसतो असेही म्हणता येणार नाही.

आर्मेनियन बाजूचा युक्तिवाद मात्र नीट समजून घ्यायला हवा, कारण तो 'आम्ही बहुसंख्य, म्हणून वेगळे' एवढाच नव्हता. ३ एप्रिल १९९० च्या सोव्हिएत कायद्यानुसार एखादे प्रजासत्ताक संघातून बाहेर पडत असेल, तर त्यातील स्वायत्त प्रांतांना आपले भवितव्य स्वतंत्रपणे ठरवण्याची मुभा होती. शिवाय ऑक्टोबर १९९१ मध्ये अझरबैजानने स्वतःला १९१८ ते १९२० च्या प्रजासत्ताकाचा वारस घोषित केले, आणि काराबाख त्याला जोडला गेला तो सोव्हिएत काळात. २६ नोव्हेंबर १९९१ रोजी बाकूने प्रांताची स्वायत्तताच रद्द केली आणि १० डिसेंबरला काराबाखमध्ये सार्वमत झाले. त्यावर अझरबैजानी रहिवाशांनी बहिष्कार टाकला होता, ही त्या सार्वमताची मोठी उणीव आहे. दुसऱ्या बाजूला हेही खरे की, जुन्या प्रजासत्ताकांच्या सीमा याच नव्या राष्ट्रांच्या सीमा, हे तत्त्व १९९१ मध्ये जगाने जवळपास सर्वत्र लावले आणि सुरक्षा परिषदेच्या १९९३ च्या ठरावांनी काराबाखचा उल्लेख अझरबैजानचा भाग म्हणूनच केला.

भारताबद्दल एक भर घालतो. १४ मार्च २००८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत अझरबैजानच्या अखंडतेला पाठिंबा देणारा आणि आर्मेनियन सैन्य मागे घेण्यास सांगणारा ठराव ३९ विरुद्ध ७ मतांनी संमत झाला. शंभर देश तटस्थ राहिले. विरोधात मत देणाऱ्या सातांमध्ये अमेरिका, रशिया आणि फ्रान्स यांच्याबरोबर भारतही होता. मध्यस्थी करणाऱ्या त्या तीन देशांचे म्हणणे असे होते की, वाटाघाटींच्या पायाभूत तत्त्वांपैकी काहीच निवडून ठरावात घातली आहेत. १९७९ चे निवेदन करणारा देश २००८ मध्ये असे मत देतो, यावरून दिसते की अखंडता आणि स्वयंनिर्णय यांतले एकच तत्त्व उचलून बाकीची सोडून देणे आपल्यालाही सोयीचे वाटले नव्हते.

---

सुमेधा_पुणे

तांबडफुटी, तुम्ही २०२३ बद्दल जे लिहिले आहे ते वाचताना गलबलून येते, पण १९९२ ते १९९४ हा काळ तुम्ही एका वाक्यात उरकला, आणि तो असा उरकता येत नाही.

२५-२६ फेब्रुवारी १९९२ च्या रात्री खोजाली गावातून पळून जाणाऱ्या अझरबैजानी नागरिकांवर आर्मेनियन फौजांनी गोळीबार केला. अझरबैजानच्या अधिकृत आकड्यानुसार त्यात ६१३ माणसे मेली. ह्यूमन राइट्स वॉचने या युद्धातले हे सर्वांत मोठे हत्याकांड म्हटले आहे. काराबाख आणि सात जिल्ह्यांतून सहा लाखांच्या आसपास अझरबैजानी आणि कुर्द लोक बेघर झाले. अघदाम हे २८ हजार वस्तीचे शहर होते. १९९३ नंतर त्याची दारे, खिडक्या, छपरांचे पत्रे, विटासुद्धा काढून नेल्या गेल्या, आणि मशिदीचे दोन मिनार सोडले तर उभे असे फारसे काही राहिले नाही. काराबाखच्या आर्मेनियनांचा स्वयंनिर्णय ज्या सात जिल्ह्यांच्या रिकामेपणावर उभा होता, तिथल्या लोकांना कोणी मत विचारले होते?

एक गोष्ट मला या सगळ्यात फार बोलकी वाटते. १६ जून २०१५ रोजी मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाने एकाच दिवशी दोन निकाल दिले. 'चिरागोव विरुद्ध आर्मेनिया' या खटल्यात लाचीन जिल्ह्यातून १९९२ मध्ये पळावे लागलेल्या कुर्दांची तक्रार होती. 'सार्ग्स्यान विरुद्ध अझरबैजान' या खटल्यात गुलिस्तान गावच्या आर्मेनियन कुटुंबाची. पहिल्यात आर्मेनिया दोषी ठरला, दुसऱ्यात अझरबैजान. दोन्ही सरकारांचा बचाव मिळताजुळता होता: शांततेच्या वाटाघाटी चालू आहेत, त्या पूर्ण झाल्या की घरे-जमिनींचे पाहू. न्यायालयाने दोघांनाही सांगितले की, वाटाघाटी चालू असणे ही हक्क नाकारण्याची सबब होऊ शकत नाही. तोवर मालमत्तेचे दावे नोंदवण्याची आणि भरपाईची काहीतरी सोय करावीच लागेल. दोन्ही सरकारांनी ती सोय केली नाही.

---

तांबडफुटी

सुमेधाताई, ही भर अत्यंत आवश्यक होती, आणि हे दोन निकाल माझ्या मूळ म्हणण्याला माझ्यापेक्षा चांगला आधार देतात. खोजालीच्या मृतांचे आणि अघदामच्या विस्थापितांचे हक्क मान्य न करता काराबाखच्या आर्मेनियनांसाठी न्याय मागणे मला शक्य नाही. १९८८ ते १९९० च्या दरम्यान आर्मेनियातून हाकललेल्या अझरबैजानी लोकांनाही परतीचा हक्क आहे. बाकूचे सरकार त्यांच्या नावाने आर्मेनियाच्या भूभागाला 'पश्चिम अझरबैजान' म्हणते, तेव्हा मात्र तो माणसांचा हक्क राहत नाही, पुन्हा जमिनीवरचा दावा होतो, आणि मला भीती त्याचीच वाटते. मध्यस्थ देशांनी तोडग्यासाठी मांडलेली २००७ ची माद्रिद तत्त्वे आज कोणी वाचत नाही, पण त्यांत सर्व विस्थापितांना आपापल्या मूळ घरी परतण्याचा हक्क असल्याचे लिहिले होते. 'सर्व' हा शब्द दोन्ही बाजूंना जड गेला.

---

जुना वाचक

एक प्रश्न. भारताने आर्मेनियाला पिनाक रॉकेट यंत्रणा विकली आहे आणि ती आपल्या पुण्यातल्या संरक्षण संशोधन संस्थेने विकसित केलेली आहे. म्हणजे भारत काराबाखच्या लोकांच्या बाजूने उभा आहे असे म्हणायचे का? समाजमाध्यमांवर तसा उत्साह पुष्कळ दिसतो.

---

अ‍ॅड. नागपूरकर

काका, माझ्या मते नाही. तो व्यवहार आर्मेनियाच्या सरकारशी झाला आहे, आणि त्या सरकारच्या पंतप्रधानांनी, निकोल पशिनियान यांनी, मे २०२३ मध्ये अझरबैजानचे ८६,६०० चौरस किलोमीटर क्षेत्र काराबाखसह मान्य करण्याची तयारी जाहीर केली होती. पाकिस्तान आणि तुर्कस्तान अझरबैजानच्या मागे आहेत म्हणून आपल्याकडे आर्मेनियाबद्दल आपुलकी वाटते, हे मी समजू शकतो. त्या आपुलकीचा काराबाखमधून निघालेल्या माणसांना कितपत उपयोग झाला, हा निराळा प्रश्न आहे.

---

येरेवानकर

मी येरेवानमध्ये वैद्यकीय शिक्षण घेतले. २०२३ च्या हिवाळ्यात आमच्या इमारतीत काराबाखमधल्या मार्तुनीकडचे एक कुटुंब राहायला आले: आजी, मुलगा, सून आणि तीन मुले. आजींशी माझे बोलणे मोडक्यातोडक्या आर्मेनियनमध्ये व्हायचे, नातवंडांसारखाच मीही त्यांना 'तातिक' म्हणायचो. जे दिसले तेवढे सांगतो.

तातिकनी नाकेबंदीच्या काळातली शिधापत्रे जपून ठेवली होती. जानेवारी २०२३ पासून ती सुरू झाली होती. तांदूळ, कुट्टू, पास्ता, साखर आणि तेल त्यावर मिळायचे, आणि उन्हाळ्यापर्यंत पत्र हातात असूनही दुकानाच्या फळ्या रिकाम्या असायच्या. न वापरता राहिलेली शिधापत्रे तशीच पिशवीत होती. पावाच्या रांगेत रात्री दोनला जाऊन उभे राहायचे, असे सून सांगायची.

दुसरी गोष्ट पासपोर्टची. या सर्वांकडे आर्मेनियाचेच पासपोर्ट होते, दिसायला माझ्या आर्मेनियन वर्गमित्रांच्या पासपोर्टसारखेच, फक्त पासपोर्ट देणाऱ्या कार्यालयाच्या जागी ०७० हा क्रमांक. त्यांचा समज होता की आपण आर्मेनियाचे नागरिक आहोत. येरेवानला आल्यावर कळले की ०७० चा पासपोर्ट सरकारच्या लेखी प्रवासाचे कागदपत्र आहे, नागरिकत्वाचा पुरावा नाही. त्यांना निर्वासित म्हणून तात्पुरते संरक्षण मिळेल आणि नागरिक व्हायचे तर वेगळा अर्ज करावा लागेल. तातिक त्या दिवशी खूप रागावल्या होत्या. अझरबैजानने नाकारले ते त्यांना अपेक्षित होते, येरेवानकडून ही अपेक्षा नव्हती. घरभाडे आणि वीज-पाण्यासाठी माणशी महिना ५० हजार द्राम मिळायचे, त्याने भाड्याचा बराचसा भार हलका व्हायचा. मुलाच्या मनात दुसरीच धास्ती होती: आपण नागरिकत्व घेतले, तर उद्या परतीचा हक्क सांगताना 'तुम्ही तर दुसऱ्या देशाचे झालात' असे कोणी म्हणेल का? मला त्याचे उत्तर तेव्हाही देता आले नाही. इथे कायदा जाणणारे कोणी सांगू शकेल का?

---

रानवाटा

येरेवानकर, मनापासून धन्यवाद. हे कुठल्याही बातमीत वाचलेले नव्हते.

तरीही एक आक्षेप नोंदवतो, कारण तो अझरबैजानचा मुख्य बचाव आहे आणि त्याला उत्तर मिळाले पाहिजे. बाकूचे म्हणणे असे की, आम्ही कोणालाही हाकलले नाही. अघदामकडून धान्य द्यायची तयारी दाखवली होती, नागरिकत्व घेऊन राहा असे सांगितले होते, लोक स्वेच्छेने गेले. संयुक्त राष्ट्रांच्या पथकालाही शस्त्रसंधीनंतर नागरिकांवर हिंसा झाल्याच्या तक्रारी ऐकायला मिळाल्या नव्हत्या. मग याला सक्तीचे विस्थापन कसे म्हणायचे?

---

तांबडफुटी

रानवाटा, प्रश्न रास्त आहे. सक्ती म्हणजे फक्त बंदूक रोखून ट्रकमध्ये चढवणे, असे आंतरराष्ट्रीय फौजदारी कायदा मानत नाही. राहणे अशक्य होईल अशी परिस्थिती निर्माण करून माणसांना निघायला भाग पाडले, तर तीही सक्तीच ठरते. नऊ महिने अन्न, औषध आणि इंधन तोडले, त्यानंतर तोफांचा मारा केला, आणि मग रस्ता उघडून 'जायचे तर जा' असे सांगितले, तर त्या जाण्याला स्वेच्छा म्हणण्यास माझी जीभ रेटत नाही. ते पथकही लोक निघून गेल्यानंतर पोहोचले होते. राहण्याच्या प्रस्तावात स्वायत्ततेचा कुठलाही दर्जा नव्हता, आंतरराष्ट्रीय देखरेख नव्हती, आणि तपासनाक्यावर पुरुषांना अटक होईल ही भीती निराधार नव्हती, कारण काराबाखच्या अनेक माजी नेत्यांना अटक झाली आणि जानेवारी २०२५ पासून बाकूत त्यांच्यावर लष्करी न्यायालयात खटले चालवले गेले. अ‍ॅडव्होकेट साहेबांनी सांगितलेल्या अंतर्गत स्वयंनिर्णयाची कसोटी इथे लावून पाहा. १९९१ मध्ये स्वायत्तता रद्द केली आणि २०२३ मध्येही ती देऊ केली नाही. म्हणजे अखंडतेच्या बदल्यात जे द्यायला हवे होते, तेच कधी दिले गेले नाही. अखंडतेला मान देणाऱ्या माणसाने तर हे अधिक आग्रहाने विचारायला हवे.

त्यातच शुशातले हिरव्या घुमटाचे सेंट जॉन चर्च २०२४ च्या वसंतापर्यंत जमीनदोस्त झाल्याचे उपग्रहचित्रांत दिसले. परत येणाऱ्यांसाठी घर राखणारे सरकार त्यांची देवळे पाडत नाही.

---

अ‍ॅड. नागपूरकर

येरेवानकर, तुमच्या शेजाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर असे. नागरी व राजकीय हक्कांच्या कराराच्या कलम १२(४) नुसार कोणालाही 'स्वतःच्या देशात' प्रवेश करण्याचा हक्क मनमानीने हिरावता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने १९९९ मध्ये स्पष्ट केले आहे की, 'स्वतःचा देश' याचा अर्थ फक्त नागरिकत्वाचा देश एवढा मर्यादित नाही. दीर्घ वास्तव्य आणि घट्ट संबंध यांचाही त्यात विचार होतो. त्यामुळे आर्मेनियाचे नागरिकत्व घेतल्याने परतीचा हक्क आपोआप जात नाही. १७ नोव्हेंबर २०२३ च्या हेगच्या आदेशातही 'जे १९ सप्टेंबरनंतर निघून गेले आणि परत येऊ इच्छितात', त्यांना सुरक्षितपणे, विनाअडथळा आणि लवकर परतता येईल याची खात्री अझरबैजानने करावी, एवढेच म्हटले आहे. नागरिकत्वाची अट त्यात नाही.

खरी अडचण पुढे आहे. ८ ऑगस्ट २०२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये दोन्ही परराष्ट्रमंत्र्यांनी ज्या शांतता करारावर आद्याक्षरी केली, त्याच्या मसुद्यात बेपत्ता व्यक्तींबद्दल कलम आहे, परंतु काराबाखच्या विस्थापितांच्या परतीबद्दल नाही. शिवाय पंधराव्या कलमानुसार करार अमलात आल्यापासून एका महिन्यात दोन्ही राष्ट्रांनी एकमेकांविरुद्धचे आंतरराज्य दावे मागे घ्यायचे किंवा मिटवायचे आहेत. हेगचे अंतरिम आदेश मूळ खटल्याच्या आधारे टिकतात. खटला मागे घेतला की आदेशही संपतात. म्हणजे परतीचा हक्क मान्य करणारा सर्वांत स्पष्ट न्यायालयीन कागद दोन सरकारांच्या संमतीने रद्द होऊ शकतो, आणि ज्यांचा तो हक्क आहे त्यांना त्या टेबलाशी जागाच नाही. शांतता व्हावी असे मलाही वाटते, तिथल्या सामान्य आर्मेनियन सैनिकाच्या आईला ती सर्वांत जास्त हवी असेल. पण शांततेची किंमत याच लोकांच्या खात्यातून का वळती व्हावी?

एक मार्ग मात्र सरकारांना बंद करता येत नाही. युरोपीय मानवी हक्क न्यायालयात व्यक्तींनी दाखल केलेले अर्ज हे आंतरराज्य दावे नाहीत, त्यामुळे ते सरकारच्या इच्छेने मागे घेतले जात नाहीत. अझरबैजान उद्या युरोपीय करारातून बाहेर पडला, तरी तो लागू असताना घडलेल्या घटनांची जबाबदारी त्याच्यावर राहते. म्हणून तुमच्या शेजाऱ्यांनी घराचे खरेदीखत, जमिनीच्या नोंदी, वीजबिले, शाळेचे दाखले, आणि हो, ती शिधापत्रेही, जे काही आणले असेल त्याच्या प्रती काढून वकिलाकडे ठेवाव्यात. २०१५ च्या दोन्ही खटल्यांत मालमत्तेचे पुरावे हा वादाचा मोठा भाग होता, आणि सोव्हिएत काळातला घराचा साधा तांत्रिक दाखलासुद्धा न्यायालयाने विचारात घेतला होता.